सायकल कालशर्यत

सायकल कालशर्यत : ठराविक अंतर प्रत्येक स्पर्धकाने एकट्याने, दुसऱ्या सायकलस्वाराचा आडोसा न घेता, कमीत कमी वेळात कापावयाचे असा सायकल शर्यतीचा एक प्रकार. सायकलपटू तिला सर्रास ‘टाइम ट्रायल’ म्हणतात. सामुदायिक शर्यतीत सर्व स्पर्धक एकाच वेळी सुटतात आणि जो प्रथम अंतिम रेषा ओलांडतो, तो जिंकतो. कालशर्यतीत स्पर्धक ठराविक अवधीने, बहुधा एकेका मिनिटाने, एकामागून एक सोडले जातात आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागतो, तो विजयी ठरतो. शर्यत चालू असताना कोण पुढे आहे, हे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या प्रेक्षकाला कळत नाही व पुष्कळदा स्पर्धकालाही कळत नाही. प्रेक्षकांच्या दृष्टीने हा प्रकार काहीसा नीरस ठरतो; स्पर्धकाला मात्र डावपेच, सहकारी वा नशीब यांपैकी कशाचीही सबब उरत नाही. हौशी सायकलपटूंमध्ये सु. १० ते ४० किमी. पल्ल्याच्या लघुअंतराच्या कालशर्यती विशेष प्रचलित आहेत. ब्रिटनमध्ये १० व २५ मैल (सु. १६ व ४० किमी.) ही त्यांची रूढ अंतरे होत. एका तासात २५ मैल हा तेथील हौशी सायकलपटूंच्या कर्तृत्वाचा जुना मापदंड आहे.

इतिहास : हा प्रकार ब्रिटनमध्ये एका अडचणीतून जन्मास आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोडागाड्यांनी गजबजलेल्या रस्त्यांवर सायकलस्वारांचे जथे भरधाव धावू लागले, तेव्हा लोकांच्या व पोलिसांच्या तक्रारी वाढल्या. सायकलपटूंच्या राष्ट्रीय संघटनेने १८९० च्या दशकात सार्वजनिक रस्त्यांवरील सामुदायिक शर्यतींना मनाई केली. यावर फ्रेडरिक टॉमस बिडलेक यांनी तोड काढली. त्यांच्या संयोजनाखाली नॉर्थ रोड सायकलिंग क्लबने ५ ऑक्टोबर १८९५ रोजी ५० मैलांची अशी शर्यत भरविली, की तीत स्पर्धक एकेक करून सोडण्यात आले. एकटा स्वार रस्त्यावरून जाताना तो शर्यतीत आहे की कामावर निघाला आहे, हे सहजी कोणाच्या लक्षात येत नसे. पुढे ही गुप्तता पद्धतशीर झाली : स्पर्धकांनी खांद्यापासून घोट्यापर्यंत काळा पोशाख करावा, शर्यत पहाटे व्हावी, मार्गांना गावांच्या नावांऐवजी सांकेतिक अक्षरे व आकडे द्यावेत, असे संकेत रूढ झाले. मार्गांचे हे सांकेतिक आकडे लपविण्याजोगे काही उरले नसतानाही तेथे आजवर टिकून आहेत. १९३७ साली या शर्यतींच्या नियंत्रणासाठी स्वतंत्र परिषद स्थापन झाली. ७ जून १९४२ रोजी पर्सी स्टॅलर्ड यांनी लॅनगॉलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी सामुदायिक शर्यत घेऊन बंदी मोडली, तरी कालशर्यत हाच त्या देशातील हौशी सायकल क्रीडेचा कणा राहिला.

या परंपरेतील सर्वांत थोर नाव बेरिल बर्टन यांचे होय. यॉर्कशरमधील एका शेतावर कष्टाचे काम करणाऱ्या या हौशी महिलेने १९६७ साली बारा तासांच्या शर्यतीत २७७·२५ मैल (सु. ४४६ किमी.) अंतर कापून पुरुषांचाही विक्रम मागे टाकला. त्याच शर्यतीत पुरुषांमध्ये पहिला येणाऱ्या माइक मॅक्नमारा याला गाठून पुढे जाताना तिने त्याला ज्येष्ठमधाची एक गोळी देऊ केली, ही हकीकत सायकलपटूंमध्ये आजही सांगितली जाते. महिलांमधील तिचा हा उच्चांक २०१७ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, अबाधित होता.

यूरोप खंडात कालशर्यतीला व्यावसायिक शर्यतींत स्थान मिळाले. ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीत वैयक्तिक कालशर्यतीचा टप्पा प्रथम १९३४ मध्ये आला. १९८९ च्या अखेरच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस या २४·५ किमी.च्या टप्प्यापूर्वी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा फ्रान्सच्या लोरां फिन्यों याच्यामागे ५० सेकंद होता. कोपरे जवळ आणून पुढे झुकता येईल असा दांडा वापरून त्याने ती पिछाडी भरून काढली आणि सु. ३,२८५ किमी.ची ती शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. ऑलिंपिकमध्ये १९१२ सालची स्टॉकहोम येथील ३०० किमी.हून अधिक लांबीची रस्ता शर्यत कालशर्यतीच्या पद्धतीने झाली होती. स्वतंत्र वैयक्तिक कालशर्यत मात्र १९९६ मध्ये अटलांटा येथे सुरू झाली व स्पेनचा मिगेल इंदुराइन तीत विजयी झाला. त्यापूर्वी १९९४ पासून या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरू लागली होती.

हौशी व व्यावसायिक हा भेद सायकल क्रीडेत दीर्घकाळ काटेकोरपणे पाळला गेला. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९६५ साली ऑलिंपिक समितीच्या आग्रहावरून दोन्ही वर्गांसाठी वेगळ्या शाखा काढल्या व १९९२ मध्ये त्या पुन्हा एक केल्या. आता अधिकृत वर्गवारी प्रामुख्याने वयोगट व दर्जा यांवरून होते. तथापि नोकरी, शिक्षण वा व्यवसाय सांभाळून पहाटे सराव करणारा आणि बक्षिसापेक्षा स्वतःची मागील वेळ सुधारण्यासाठी उतरणारा तो हौशी, हा व्यवहारातील अर्थ टिकून आहे. अशा स्पर्धकाला कालशर्यत सर्वाधिक मानवते. तीत कळपात सायकल चालविण्याचे कौशल्य लागत नाही, दुसऱ्याच्या चुकीने पडण्याचा धोका कमी असतो आणि शेवटून दुसरा आलेलाही घरी परतताना एक निश्चित आकडा घेऊन जातो.

भारतात व महाराष्ट्रात : मुंबईत सायकलीची हौस प्रथम पारशी समाजात फोफावली. आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा या तिघा पारशी तरुणांनी १९२३ ते १९२८ या काळात मुंबईहून निघून सायकलींवरून जगप्रदक्षिणा पूर्ण केली. १९३८ साली सिडनी येथील ब्रिटिश साम्राज्य क्रीडास्पर्धांत जानकी दास हे भारतातर्फे सायकल शर्यतीत उतरले. सोराब भूत व जानकी दास यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली व १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय सायकलपटूंनी भाग घेतला. महाराष्ट्रात सर्वांत लोकप्रिय ठरली ती मुंबई–पुणे शर्यत. ती सामुदायिक शर्यत असली, तरी रायगड जिल्ह्यातील खोपोलीपासून बोरघाट चढून सर्वांत आधी माथा गाठणाऱ्यास मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब मराठी वाचकांना अंतिम विजेत्याच्या नावापेक्षाही अधिक परिचित आहे. चढावर आडोशाचा लाभ फारच थोडा उरतो. त्यामुळे घाटातील झुंज ही वस्तुतः कालशर्यतीच्याच स्वरूपाची असते. राष्ट्रीय रस्ता अजिंक्यपद स्पर्धांत वैयक्तिक कालशर्यत हा नियमित प्रकार आहे. नवीन जॉन व अरविंद पनवार हे भारतीय २०१६ साली दोहा येथील जागतिक स्पर्धेच्या कालशर्यतीत उतरले होते. त्यांपैकी नवीन जॉन हा अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेला आणि बऱ्याच उशिरा या खेळाकडे वळलेला सायकलपटू होय.

पद्धती व नियम : स्पर्धकाची सायकल एक मदतनीस आसनाला धरून उभी ठेवतो आणि आरंभक उलट मोजणी करून त्याला सोडतो. ढकलणे निषिद्ध आहे. क्रमांक व सुटण्याची वेळ यांची सांगड घालण्याची जुनी युक्ती अतिशय सोयीची आहे. शर्यत सात वाजता सुरू झाली, तर १७ क्रमांकाचा स्पर्धक ७ वाजून १७ मिनिटांनी सुटतो; तो ७ वाजून ४७ मिनिटे ३२ सेकंदांनी परतला, तर त्याची वेळ ३० मिनिटे ३२ सेकंद. दोन जुळविलेली घड्याळे, दोन वेळनोंदणीकार आणि एक वही एवढ्या साहित्यात साठ स्पर्धकांची शर्यत निर्दोषपणे पार पडते. मोठ्या स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक साधने वापरतात. उशिरा आलेल्या स्पर्धकाचा वेळ त्याच्या ठरलेल्या क्षणापासूनच मोजला जातो.

पुढील स्पर्धकास गाठल्यास त्याच्या बाजूने किमान २ मी. अंतर राखून पुढे जावे लागते आणि गाठल्या गेलेल्याने त्यानंतर किमान २५ मी. मागे राहावे लागते. या नियमाचे कारण शुद्ध भौतिकीय आहे. दुसऱ्याच्या मागे चाक लावून चालणाऱ्याची सु. एक-तृतीयांश शक्ती वाचते. तेवढी सूट मिळाल्यास कालशर्यतीला काही अर्थच उरत नाही. अंतराच्या मोजणीबाबतही हयगय चालत नाही. १० किमी.च्या मार्गात ५० मी.ची चूक झाली, तर ताशी ३६ किमी. वेगाने जाणाऱ्याच्या वेळेत ५ सेकंदांचा फरक पडतो आणि हौशी शर्यतींत पहिल्या तीन क्रमांकांचा निकाल अनेकदा याहून कमी फरकाने लागतो. एकाच मार्गावर वर्षानुवर्षे शर्यत भरवावयाची असल्यास आरंभरेषा, वळणबिंदू व अंतिम रेषा पक्क्या खुणांनी, उदा., मैलाच्या दगडांनी वा मोऱ्यांच्या कठड्यांनी, निश्चित करून ठेवणे श्रेयस्कर.

हवेचा रोध : सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य प्रतिस्पर्धी हवा हा होय. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सायकलीसह ८० किग्रॅ. वजनाचा व दांड्यावर खाली वाकून बसलेला स्वार घेतल्यास ताशी ३६ किमी. वेगासाठी त्याला सु. २२५ वॅट शक्ती लागते व त्यांतील सु. १८५ वॅट केवळ हवा बाजूला सारण्यात जाते. उरलेली शक्ती मुख्यतः टायर दबण्यामुळे होणाऱ्या रोधात खर्च होते. हाच वेग ताशी ४० किमी. करावयाचा, म्हणजे सु. ११ टक्क्यांनी वाढवावयाचा, तर सु. ३०० वॅट, म्हणजे एक-तृतीयांश अधिक शक्ती लागते. उलटपक्षी हात पुढे जोडून, डोके खाली घेऊन व पाठ सपाट करून वाऱ्यास सामोरे जाणारे क्षेत्र घटविले, तर ताशी ३६ किमी. वेगाला सु. १८५ वॅट पुरतात. म्हणजे जी ४० वॅट कमाई करण्यास सरावाची वर्षे जातात, ती नुसत्या बैठकीने साध्य होते. मात्र ही बैठक मानेला व कंबरेला जाचक असते आणि ती सरावाच्या दिवसांतच अंगवळणी पाडावी लागते. शर्यतीच्या सकाळी प्रथमच ती घेणारा स्पर्धक अर्ध्या वाटेत उठून बसतो.

सायकल : प्रगत देशांत कालशर्यतीसाठी कार्बन तंतूंची चौकट, भरीव मागील चाक व निमुळते शिरस्त्राण वापरतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार सायकलीचे वजन ६·८ किग्रॅ.पेक्षा कमी असता कामा नये. अशा सायकलीची किंमत कित्येक लाख रुपये होते व त्यामुळे खर्चाच्या जोरावर सेकंद विकत घेता येतात, हा आक्षेप निराधार नाही. तथापि स्कॉटलंडचा ग्रेम ओब्री याने १९९३ साली स्वतः जुळविलेल्या आणि धुलाई यंत्राचे धारवे बसविलेल्या सायकलीवर तासाचा जागतिक विक्रम (५१·५९६ किमी.) केला, हेही विसरता येत नाही. महाराष्ट्रातील गावोगावच्या शर्यतींत ‘साधी सायकल’ व ‘गिअरची सायकल’ असे दोन गट ठेवण्याची चाल या दृष्टीने न्याय्य आहे. सु. २० किग्रॅ. वजनाच्या काळ्या साध्या सायकलीला पुढे ४८ व मागे १८ दाते असल्यास पायट्यांच्या एका फेऱ्यात ती सु. ६ मी. पुढे जाते. मिनिटाला ९० फेरे मारले, तरी तिचा वेग ताशी ३२ किमी.च्या पुढे जात नाही. तिच्यावर ताशी ३० किमी.ची सरासरी राखणारा स्वार गिअरच्या सायकलीवरील पुष्कळांना भारी ठरेल.

रायगडचा किनारा : पूर्वीचा कुलाबा (१ जानेवारी १९८१ पासून रायगड) जिल्ह्याचा किनारा मुंबईच्या समोरच आहे. मुंबईतील भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला वाहने नेणारी रो-रो नौकासेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाल्यापासून सायकलस्वारांना तो अधिकच जवळचा झाला आहे. मात्र लांबून सुंदर दिसणारा प्रत्येक रस्ता कालशर्यतीस योग्य असतोच असे नाही. अलिबाग–वडखळ रस्ता कार्लेखिंडीचा अपवाद वगळता खारेपाटातून बराचसा सपाट जातो, परंतु त्यावरील अवजड वाहनांची वर्दळ पाहता तेथे शर्यतीचा विचारही करू नये. अलिबाग–रेवदंडा (सु. १७ किमी.) हा आक्षी, नागाव, चौल या गावांतील नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता सपाट व सावलीचा, पण अरुंद, वळणावळणाचा आणि घरांच्या उंबऱ्याला लागून जाणारा आहे. मांडवा–अलिबाग (सु. २० किमी.) हा झिराड, चोंढी यांवरून जाणारा रस्ता त्यामानाने बरा असला, तरी शनिवार-रविवारी पर्यटकांच्या मोटारींनी भरतो. कुंडलिकेवरील साळाव पुलापलीकडे कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव या क्रमाने मुरूडकडे जाणारा मार्ग चढउतारांचा आहे. तेथे वेळेचा विक्रम होणार नाही, पण स्पर्धकाची कसोटी लागेल. दक्षिणेस दिवेआगर–शेखाडी–श्रीवर्धन हा अगदी समुद्रालगतचा रस्ता तुलनेने कमी वर्दळीचा आहे. या सर्व रस्त्यांवर गुरे, कुत्री, कडेला सुकत घातलेली मासळी व गतिरोधक यांचा हिशोब ठेवूनच मार्ग आखावा लागतो.

किनाऱ्यावरील वाऱ्याचे वेळापत्रक बरेचसे ठरलेले असते. हिवाळ्यात रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारे वाहतात. सूर्य वर आल्यावर ते पडतात आणि दुपारच्या सुमारास समुद्राकडून, बहुधा वायव्येकडून, खारे वारे जोर धरतात. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सात ते सव्वासातच्या दरम्यान होतो, तेव्हा साधारण सात ते नऊ हे दोन तास वारा सर्वांत शांत असलेले, थंड (किमान तपमान सु. १७°–१८° से.) व वाहतूक कमी असलेले असतात. बिडलेकच्या अनुयायांनी पोलिसांच्या भीतीने निवडलेली पहाटेची वेळ कोकणात हवामानाच्या कारणाने तितकीच योग्य ठरते.

जाऊन-येऊन असलेल्या मार्गावर जाताना लागलेला उलटा वारा येताना भरून निघतो, ही समजूत चुकीची आहे. वर उल्लेखिलेल्या २२५ वॅटच्या स्वाराला निवांत हवेत २० किमी.ला ३३ मिनिटे २० सेकंद लागतील. ताशी सु. ११ किमी. वेगाचा वारा वाहत असल्यास त्याच शक्तीने जाताना त्याचा वेग ताशी सु. ३० किमी. व येताना सु. ४३ किमी. होईल आणि एकूण वेळ सु. ५० सेकंदांनी वाढेल. कारण उलट्या वाऱ्यात तो अधिक वेळ घालवितो व सुलट्या वाऱ्यात कमी. यावरून डावपेचही ठरतो : वाऱ्याच्या उलट जाताना सरासरीपेक्षा किंचित अधिक जोर लावावा आणि परतताना तेवढाच सैल सोडावा. चढउतारांच्या रस्त्यालाही हेच तत्त्व लागू पडते.

उष्ण व दमट हवेचा परिणाम दुहेरी असतो. तापलेली, बाष्पयुक्त हवा विरळ असते, ३०° से. तपमानाच्या किनारी हवेची घनता १५° से. तपमानाच्या हवेपेक्षा सु. ६ टक्क्यांनी कमी भरते. याच कारणाने, पण कितीतरी अधिक प्रमाणात, समुद्रसपाटीपासून २,२०० मी.हून अधिक उंचीवरील मेक्सिको सिटी येथे एडी मर्क्स याने १९७२ साली तासाचा विक्रम (४९·४३१ किमी.) केला होता. परंतु कोकणात हा लाभ शरीर परत हिरावून घेते. स्नायूंची कार्यक्षमता सु. २० ते २५ टक्केच असल्याने पायट्यांवर २२५ वॅट देणारा स्वार शरीरात सु. ७०० ते ९०० वॅट उष्णता निर्माण करीत असतो. ती मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने बाहेर पडू शकते आणि दमट हवेत घाम न वाळता नुसता गळतो. तासाला एक ते दीड लिटर घाम जाणे मग असामान्य नाही. एप्रिल-मे व ऑक्टोबरच्या उकाड्यात तयारीचा स्पर्धकही अर्ध्या तासाच्या शर्यतीत उष्माघाताच्या उंबरठ्यावर जाऊ शकतो. कापरे भरणे, घाम एकाएकी थांबणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही धोक्याची चिन्हे दिसताच स्पर्धकास थांबवून सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी. तो ‘शेवटचे दोनच किलोमीटर राहिले’ म्हणतो, याकडे लक्ष देऊ नये. पाऊस पडत असता शर्यत घेणे तर सर्वथा अयोग्य. जून ते सप्टेंबर हे महिने घरातील स्थिर सायकलीवरील सरावासाठीच सोडावेत.

वेग राखणे व सराव : नवशिक्याची नेहमीची चूक पहिल्या दोन किमी.त होते. ताज्या पायांना श्रम जाणवत नाहीत, रक्तातील लॅक्टिक अम्ल साचत जाते आणि मधल्या टप्प्यात वेग कोसळतो. सुरुवातीचा भाग ‘फारच हळू चालला आहे’ असे वाटण्याइतपत आवरून घेणारा सामान्यतः चांगली वेळ देतो. शर्यतीपूर्वी २० ते ३० मिनिटे सायकल चालवून शरीर तापविणे आवश्यक असते. अंतर जितके लहान, तितके हे महत्त्व अधिक. आठवड्यातून दोन दिवस शर्यतीच्या वेगाच्या आसपास ८ ते १० मिनिटांचे दोन-तीन टप्पे, एक दिवस लांब पण संथ फेरी आणि किमान एक दिवस पूर्ण विश्रांती, एवढा क्रम नोकरदार हौशी स्पर्धकास पुरेसा ठरतो. शक्तिमापक साधने आता उपलब्ध असली, तरी ती नसलेल्यास एकाच मार्गावर, एकाच वेळी, महिन्यातून एकदा स्वतःची वेळ घेऊन ती वाऱ्याच्या व तपमानाच्या नोंदीसह लिहून ठेवता येते.

संयोजन : सार्वजनिक रस्त्यावर शर्यत भरविण्यासाठी पोलिसांची व रस्त्याची व्यवस्था पाहणाऱ्या यंत्रणेची पूर्वपरवानगी आणि वाटेतील ग्रामपंचायतींना सूचना देणे आवश्यक असते. वळणबिंदू हे कालशर्यतीतील सर्वांत धोक्याचे ठिकाण होय. दमलेला, मान खाली घातलेला स्पर्धक तेथे रस्ता आडवा ओलांडतो. तेथे किमान दोन स्वयंसेवक निशाणांसह उभे करावेत व शक्य तर चौकातील वर्तुळाभोवती फिरून येण्याची सोय असलेली जागा निवडावी. शिरस्त्राण सक्तीचे असावे. रुग्णवाहिका आरंभस्थानी न ठेवता मार्गाच्या मध्यावर ठेवल्यास ती दोन्ही टोकांना सारख्याच वेळात पोहोचते. शेवटचा स्पर्धक परतेपर्यंत वेळनोंदणीकारांनी जागा सोडू नये, आणि सुटलेल्यांची व परतलेल्यांची संख्या जुळल्याशिवाय शर्यत संपल्याचे जाहीर करू नये.